शनिवारच्या पेगचा हिशेब

वजन उतरवायचं म्हणून खाण्याची नोंद ठेवणारी माणसं आता घरोघर दिसतात. सकाळी पोहे किती, दुपारी पोळ्या दोन की तीन, भाजीत तेल किती चमचे, चहात साखर किती, हे मोबाइलवरच्या ॲपमध्ये किंवा साध्या वहीत रोज उतरवलं जातं. सोमवार ते शुक्रवार ही नोंद चोख असते. शनिवारी रात्री मित्रमंडळी ‘बसतात’ आणि तिथे ती थांबते. चिकन लॉलीपॉप लिहिलं जातं, नंतरची बिर्याणी लिहिली जाते, पेग मात्र राहून जातात. काहींना संकोच वाटतो. काहींची समजूत असते की व्हिस्की-व्होडकात साखर नसते, म्हणजे कॅलरीही नसणार. आणि बऱ्याच जणांना पेग लिहायचा कुठल्या रकान्यात, हेच कळत नाही. ही अडचण खरी आहे, कारण प्रथिनं, कर्बोदकं आणि मेद या तिन्ही रकान्यांत अल्कोहोल बसत नाही. त्याला स्वतंत्र, चौथा रकाना लागतो.

प्रथिनांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, कर्बोदकांमधून ४, मेदातून ९ आणि अल्कोहोलमधून ७. पहिले तीन आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चौथा फारसा कुणी सांगत नाही, पण तोही तितकाच जुना आहे आणि त्याच प्रयोगशाळेतून आलेला आहे. अमेरिकेतल्या मिडलटाऊन गावी वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर हे रसायनशास्त्रज्ञ होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीनं सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक बंदिस्त खोली बांधली. आत एक घडीची खाट, टेबल, खुर्ची आणि एक जिवंत माणूस. हा माणूस त्या खोलीत अनेक दिवस राहायचा. जेवण एका झरोक्यातून आत जायचं. त्यानं श्वासातून सोडलेला वायू मोजला जायचा, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता खोलीतल्या नळ्यांमधून वाहणारं पाणी किती तापलं यावरून काढली जायची.

पुढे फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्यासह त्यांनी याच खोलीत अल्कोहोलचे प्रयोग केले. आहारातला थोडा मेद, थोडी साखर काढून त्या जागी तेवढ्याच कॅलरीचं, दिवसाला सुमारे ७२ ग्रॅम अल्कोहोल दिलं. ते जवळजवळ सगळं शरीरात जळलं आणि त्यातून निघालेली ऊर्जा इतर अन्नातल्या ऊर्जेसारखीच खर्ची पडली. हा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच वादळ उठलं होतं. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या चळवळीनं शाळेच्या पुस्तकांत अल्कोहोल हे निव्वळ विष असल्याचं लिहवून घेतलं होतं, आणि इथे एक प्राध्यापक त्याला इंधन म्हणत होता. ॲटवॉटर यांनी दारूची भलामण कधीच केली नाही. अल्कोहोलनं शरीराची झीज भरून निघत नाही, स्नायू बांधले जात नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. इंधन असणं आणि अन्न असणं यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण आपला सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

आता प्रत्यक्ष पेगकडे येऊ. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असा आकडा असतो. हे प्रमाण आकारमानाचं आहे, वजनाचं नाही, आणि इथेच पुष्कळांचं गणित चुकतं. लार्ज पेग ६० मिलीलिटरचा. त्याचे ४२.८ टक्के म्हणजे साधारण २५.७ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलीचं वजन ०.७९ ग्रॅम. म्हणजे झालं सुमारे २० ग्रॅम. त्याला सातानं गुणा, की एका लार्जच्या १४० च्या आसपास कॅलरी येतात. स्मॉलच्या ७०. क्वार्टर म्हणजे १८० मिली, तीन लार्ज, त्याच्या सव्वाचारशे. सोपी रीत हवी असेल तर मिली गुणिले टक्के, आणि आलेल्या आकड्याला ०.०५५ नं गुणायचं. व्हिस्की असो, रम असो की काजूची फेणी, महाग असो की स्वस्त, टक्के तेच असतील तर अल्कोहोलच्या कॅलरीही त्याच. रंग, वास, वय यांनी त्यात फरक पडत नाही.

बिअरमध्ये दोन हिशेब असतात. ६५० मिलीची ५ टक्क्यांची माइल्ड बाटली घेतली तर अल्कोहोलच्या साधारण १८० कॅलरी होतात आणि बार्लीतून उरलेल्या कर्बोदकांच्या आणखी ऐंशीएक. एकूण २६० च्या घरात. स्ट्राँगच्या बाटलीवर बहुधा ‘८ टक्क्यांपेक्षा अधिक नाही’ अशा अर्थाची ओळ असते. तिथे वरची मर्यादाच धरून चालावं, म्हणजे एकट्या अल्कोहोलच्या २८५ आणि कर्बोदकांसकट साडेतीनशेच्या पुढे. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यानं दोन स्ट्राँग रिचवल्या तर त्याच्या पोटात क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल गेलेलं असतं.

नाशिकच्या द्राक्षांची कोरडी वाइन १५० मिलीच्या ग्लासाला ११० ते १२० कॅलरी देते. गोव्यात मिळणारी पोर्ट वाइन गोड असते, त्यामुळे तिथे साखरेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. उर्राक, माडी, ताडी यांचं मात्र खात्रीनं काही सांगता येत नाही. सकाळी उतरवलेली माडी संध्याकाळपर्यंत आंबत राहते आणि तिचं अल्कोहोल वाढत जातं, बाटलीवर चिठ्ठी नसते, म्हणून अंदाजच करायचा आणि तो चढाच धरायचा.

बारमध्ये किंवा परमिट रूममध्ये पेग मापानं येतो. घरी तो हातानं ओतला जातो, आणि घरचा पेग हीच नोंदीतली सगळ्यात मोठी गळती आहे. ‘दोन बोटं’ हे माप सगळीकडे चालतं. सात सेंटिमीटर व्यासाचा सरळ काचेचा ग्लास घ्या. दोन बोटांची जाडी साडेतीन सेंटिमीटर धरली, तर त्यात मावतात जवळपास १३५ मिली. म्हणजे दोन लार्जहून जास्त. नोंदीत मात्र ‘एक पेग’. तीनशेच्या वर कॅलरी गेल्या आणि लिहिल्या गेल्या सत्तर किंवा एकशे चाळीस. स्टीलचं पेग मेजर भांड्यांच्या दुकानात सहज मिळतं. स्वयंपाकघरात तराजू आणून रव्याचं वजन करणाऱ्यानं ते जरूर घ्यावं.

ग्लासात दारूसोबत जे पडतं त्याची नोंद तर आणखी दुर्लक्षित. साधा सोडा आणि पाणी यांत काही नाही. कोलाच्या १०० मिलीत साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलीला ८५ कॅलरी. जिनमध्ये घालायचं टॉनिक वॉटर नावानं पाणी वाटतं, पण त्यातही साखर असते, आणि ती कडवटपणाखाली झाकली जाते. उर्राक-फेणीत घातलं जाणारं लिंबाच्या चवीचं बाटलीबंद पेयही गोडच. डब्यातला फळांचा रस म्हणजे जवळपास कोलाइतक्याच कॅलरी. या सगळ्यांची जागा कर्बोदकांच्या रकान्यात. चखण्याचंही तसंच. मूठ-दीड मूठ मसाला शेंगदाणे, पन्नास ग्रॅम, यांत पावणेतीनशे ते तीनशे कॅलरी असतात, आणि ते टेबलावर आले की मूठ कुणी मोजत नाही.

आता एका माणसाचा हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची रोजची गरज २११० कॅलरी धरली आहे. त्यानं १७०० वर राहायचं ठरवलं तर रोज चारशेची बचत, आठवड्याला २८००. शनिवारी त्यानं तीन लार्ज कोलाबरोबर घेतले आणि सोबत पन्नास ग्रॅम मसाला शेंगदाणे खाल्ले. पेगचे ४२५, कोलाचे अडीचशे, शेंगदाण्यांचे पावणेतीनशे. मिळून साडेनऊशे. आठवड्याच्या बचतीचा एक तृतीयांश एका संध्याकाळी गेला, आणि जेवण अजून यायचंय. बाईंच्या बाबतीत हे गणित आणखी आवळतं. ५५ किलोच्या बैठ्या कामाच्या स्त्रीसाठी हीच शिफारस १६६० कॅलरीची आहे, त्यामुळे दोन लार्ज म्हणजे तिच्या दिवसाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त.

कॅलरी झाल्या. पण हे अल्कोहोल शरीरात करतं काय, हे कळल्याशिवाय चौथा रकाना का लागतो ते पटत नाही. कर्बोदकं शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं, मेद चरबीत साठवतं. अल्कोहोलला कोठार नाही. ते रक्तात राहिलं तर बाधतं, म्हणून यकृत हातातली बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तेच निपटायला घेतं. वाहतुकीत रुग्णवाहिका आली की बाकीच्या गाड्या जशा बाजूला होतात, तशी साखर आणि चरबी जाळण्याची कामं थांबून राहतात. यकृतात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. हे ॲसिटेट रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे जातं आणि तिथे इंधन म्हणून जळतं. वेग ठरलेला असतो, ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम. तीन लार्जचे ६० ग्रॅम संपायला सहा ते साडेआठ तास हवेत. शनिवारी मध्यरात्री संपलेली बैठक शरीराच्या लेखी रविवारी पहाटेपर्यंत चालू असते. सकाळी लवकर गाडी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे काही संशोधकांनी ॲटवॉटर यांच्या खोलीसारख्याच बंदिस्त खोलीत निरोगी पुरुषांवर प्रयोग केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. आहारात भरपूर अल्कोहोल घातलं, तेव्हा चोवीस तासांतलं चरबीचं ज्वलन सुमारे एक तृतीयांशानं घटलं. अल्कोहोल वरून जास्तीचं दिलं काय किंवा तेवढ्याच कॅलरीचं दुसरं अन्न काढून दिलं काय, दोन्ही वेळा ही घट झाली. पुढे १९९९ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं की प्यायलेल्या अल्कोहोलपैकी पाच टक्क्यांहूनही कमी भागाची थेट चरबी बनते. तेव्हा ‘दारूची चरबी होते’ हे बोलणं तंतोतंत खरं नाही. खरं हे आहे की दारू जळत असते तोवर लॉलीपॉपचं तेल, शेंगदाण्यांतला मेद, बिर्याणीतलं तूप यांना जळायला वाव मिळत नाही, आणि ते मुकाट्यानं साठवणीत जातं. पोट सुटतं ते बिअरनं की तिच्या सोबत्यांनी, या जुन्या वादाचं उत्तर हे आहे: दोघांच्या जोडीनं.

ही जोडी जमवायचं कामही अल्कोहोलच करतं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत २०१७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की मेंदूतल्या ज्या पेशी उपाशीपोटी भूक जागवतात, त्याच पेशी अल्कोहोलनं चेतवल्या जातात. माणसाच्या बाबतीत यापेक्षा बरंच काही घडत असणार, पण दुसऱ्या पेगनंतर मागवलेली जास्तीची प्लेट निव्वळ मनाचा दुबळेपणा नसते, एवढं तरी यातून दिसतं.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. गावातला अट्टल दारुडा तर हडकुळा असतो, त्याच्या कॅलरी जातात कुठे? प्रश्न चांगला आहे. एक तर असा माणूस जेवतच नाही. दुसरं, रोज खूप पिणाऱ्याच्या यकृतात अल्कोहोल फोडणारा आणखी एक मार्ग जोरानं चालू होतो, आणि त्या मार्गात बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली हे दाखवलं. आहारातल्या निम्म्या कॅलरी कर्बोदकांऐवजी अल्कोहोलच्या दिल्या, तेव्हा एकूण आकडा तोच असूनही लोकांचं वजन घटलं. पण हे घटणं म्हणजे बारीक होणं नव्हे. स्नायू झडतात, थायमिनसारखी जीवनसत्त्वं संपतात, यकृतात मेद साचत जातो. हातपाय काटकुळे आणि पोट फुगलेलं, हे चित्र कुपोषणाचं आहे. त्यावरून शनिवारी तीन पेग घेणाऱ्यानं आपल्या कॅलरीत सूट धरू नये. काही जण म्हणतात, अल्कोहोल पचवायलाच त्यातली पंधरा-वीस टक्के ऊर्जा लागते, मग सात कशाला, साडेपाच-सहाच मोजा. प्रथिनं पचवायला त्याहून जास्त ऊर्जा लागते, आणि तिथे चाराचे तीन कुणी करत नाही. मोजपट्टी सगळ्यांना एकच असावी.

तर आता ॲपमध्ये लिहायचं कसं? बरीच ॲप एकूण कॅलरीत पेग धरतात, पण प्रथिनं-कर्बोदकं-मेदाच्या वर्तुळात तो दिसत नाही. समजा दिवसाचं लक्ष्य ८० ग्रॅम प्रथिनं, २३० ग्रॅम कर्बोदकं आणि ५० ग्रॅम मेद, मिळून जवळपास १७००. तीन लार्ज घेतल्या दिवशी एकूण बेरीज १७०० भरली तरी तिन्ही रकान्यांची बेरीज १२७५ वरच थांबते, आणि ॲप चुकलं की काय असं वाटतं. ॲप चुकलेलं नसतं, मधले ४२५ चौथ्या रकान्याचे असतात. काही प्रशिक्षक सुचवतात की या ४२५ ला चारानं भागून १०६ ग्रॅम कर्बोदकं म्हणून लिहा, किंवा नवानं भागून ४७ ग्रॅम मेद म्हणून. आकडेमोड जुळते, म्हणून सोय म्हणून ते चालेल. पण १०६ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे मध्यम आकाराच्या पाच पोळ्या. त्या दिवशी त्या पाच पोळ्या खाल्ल्या गेल्या नाहीत, त्यांतला कोंडा, लोह, ब जीवनसत्त्वं पोटात गेली नाहीत, आणि वही म्हणते गेली. म्हणून माझा आग्रह वेगळ्या ओळीचा आहे: अल्कोहोल, ग्रॅम ६०, कॅलरी ४२५. महिन्याअखेरीस ही एकच ओळ वरून खाली बेरजेला घेता येते, आणि दारू किती झाली हे लख्ख दिसतं. कर्बोदकांत मिसळली की ती दिसेनाशी होते.

ग्रॅम लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं वापरलेलं प्रमाण पेय १० ग्रॅम अल्कोहोलचं, आणि आपला ३० मिलीचा स्मॉल जवळपास नेमका तेवढाच. डॉक्टर जेव्हा ‘किती पेयं घेता’ विचारतात, तेव्हा हा आकडा कामाला येतो.

नोंद नीट होऊ लागली की लगेच एक मोह होतो: रात्री बसायचंय तर दुपारचं जेवण टाळू, कॅलरी वाचतील. मी याच्या अगदी विरोधात आहे. रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्यानं रक्तात चढतं. शिवाय यकृत अल्कोहोलमध्ये गुंतलेलं असताना नवी साखर बनवण्याचं त्याचं काम मंदावतं, आणि उपाशी माणसाची रक्तातली साखर खाली जाऊ शकते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना यात गंभीर धोका आहे. घाम, थरथर, बोलणं अडखळणं ही साखर उतरल्याची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून सोबतचे लोकही ‘जास्त झाली’ म्हणून झोपवून ठेवतात. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना दारूबद्दल उघड सांगावं.

जिमला जाणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या एका अभ्यासात जोरदार व्यायामानंतर प्रथिनांबरोबर भरपूर अल्कोहोल दिलं, तेव्हा स्नायूंमध्ये नवी प्रथिनं बनण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशानं मंदावला. प्रथिनं पूर्ण घेतली होती, तरीही. मात्रा मोठी होती, दोन पेगना हाच आकडा लावता येणार नाही. पण पायांचा व्यायाम शनिवारी संध्याकाळी आणि लगेच बैठक, हा क्रम बदललेला बरा.

कॅलरी कमी करायच्या तर त्या ग्लासातूनच कमी व्हाव्यात, ताटातून नव्हे. प्रथिनांना तर हातच लावू नये. वरच्याच माणसानं कोलाबरोबरच्या तीन लार्जऐवजी दोन स्मॉल सोड्याबरोबर घेतले, तर पेग आणि कोला मिळून पावणेसातशेच्या जागी १४० होतात. शेंगदाण्यांच्या जागी दोन उकडलेली अंडी आणि काकडी घेतली तर कॅलरी निम्म्यावर येतात आणि बारा ग्रॅम प्रथिनंही मिळतात. आधी जेवून मग बसलं तर चखण्याची गरजच पडत नाही. यातून पिण्याला परवाना मिळतो असं मात्र नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं निःसंदिग्ध सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी अल्कोहोलची मात्राच नाही. जे पीत नाहीत त्यांच्या वहीत हा रकाना शून्यच राहावा.

राहता राहिला वजनकाटा. अल्कोहोल लघवी वाढवतं, त्यामुळे रविवारी सकाळी काटा अर्धा-एक किलोनं खाली दिसू शकतो आणि कालचं काही लागलं नाही असं वाटतं. मग चखण्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि सोमवारी तोच काटा वर चढलेला दिसतो. हे दोन्ही आकडे पाण्याचे आहेत. बैठकीनंतरचे दोन दिवस काट्यावर उभं राहू नये. वजन बुधवारी किंवा गुरुवारी, सकाळी उठल्यावर घ्यावं आणि त्याची तुलना मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी करावी.